न कळवता केलेली तपासणी

नगरपालिकेच्या बालकल्याण समितीचे सभापती अण्णासाहेब देवकुळे यांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. मुलींच्या बालगृहाची तपासणी ते कुणालाही न कळवता करत. निदान त्यांची तशी समजूत होती.

त्या सोमवारी ते आत शिरले, तेव्हा धुतलेले फ्रॉक घालून मुली दूध पीत होत्या. अण्णासाहेब खूश झाले. अधीक्षक बाईंनी शेऱ्याची वही पुढे केली. शेरा लिहून सही करता करता अण्णासाहेबांनी आठ वर्षांच्या छबीला विचारलं, "मी कोण, सांग बघू?"

"तपासणीचे साहेब."

"वा! मी तर न सांगता आलोय. तुला कसं कळलं?"

"काल कपाटातल्या गाद्या बाहेर काढल्या, आज दूध मिळालं. म्हणजे तुम्ही येणार."

बाई कसनुसं हसल्या. अण्णासाहेबांचा आवाज उतरला. "याआधी दूध कधी मिळालं होतं?"

"मागं तुम्ही आलात तेव्हा. तेव्हा शेवंता होती. मग फरशीवर झोपून तिला ताप भरला, आणि ती गेली."

अण्णासाहेबांनी मागचं पान उलटलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मुली सुखात आहेत.'

त्यांनी आजचा शेरा खोडला आणि छबीचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलं. त्याच दिवशी बाई निलंबित झाल्या.

निघताना त्यांनी छबीला विचारलं, "पोरी, हे मागच्या खेपेलाच का नाही सांगितलंस?"

छबी म्हणाली, "मागच्या खेपेला तुम्ही फक्त वहीशी बोललात, साहेब."