हौसाक्काची गोळी

फार वर्षांपूर्वी, बोरवडीला सडक पोचायच्या कितीतरी आधी, तिथं हौसाक्का नावाची सुईण होती. तिनं नुसता पोटावर हात ठेवला तरी आडवं मूल सरळ होई, असं म्हणतात. तिच्या कनवटीला अफूची पुरचुंडी असे. मोहरीएवढी गोळी दिली की कळा देणाऱ्या बाईचा जीव निवे. पण सासवांनी कितीही गळ घातली तरी हौसाक्का घाई करत नसे. दोन कळांच्या मधे एक ओवी पुरी म्हणून होतेय, तोवर गोळी नाही, हा तिचा नेम. "कळ मारली तर बाळ यायचं कुनाच्या जोरावर?" असं ती ठणकावून विचारी.

मग तिची एकुलती एक लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एके सकाळी कळा सुरू झाल्या. "आये, सोसवंना गं!" लेकीनं टाहो फोडला, आणि गावभरच्या बायकांना दम देणारी हौसाक्का विरघळली. दोन कळांच्या मधे अजून एक सोडून दोन ओव्या मावल्या असत्या, तरी तिनं गोळी दिली, आणि तीही दुप्पट. आईच ती! शहाणपण सगळं परक्यांच्या लेकींपुरतं.

थोड्या वेळानं मैना हसून म्हणाली, "आये, कळ थांबली बघ. झोप येतीया."

हौसाक्कानं लेकीच्या पोटावर हात ठेवला. दुपार कलली तरी कळ परतेना. पोटातलं बाळही हालेना.

तेव्हा ती अंगणात येऊन ओरडली, "बायांनो, माज्या हातनं चूक झाली. माज्या पोरीला चालवा!"

सुईण चूक कबूल करते, हे गावानं कधी ऐकलं नव्हतं. बाया हातातली कामं टाकून धावल्या. आळीपाळीनं मैनेला खांद्याचा आधार देत त्यांनी गावाला फेरे घातले. त्यांच्या पावलांनी कातळ दबला आणि मावळता सूर्य डोंगरावरच थबकला, असं म्हणतात. सातव्या फेऱ्याला मैनेनं किंकाळी फोडली. लेकीची किंकाळी ऐकून हसलेली आई जगात तेवढी एकच! बाळ रडलं, मगच सूर्य बुडाला.

आता बोरवडीत नर्सबाई येतात, गाडीही येते. तरी पोरीला कळा लागल्या की शेजारणी तिला धरून हौसाक्काच्या नावानं सात पावलं चालवतात. आणि औषध कुठलंही असो, ते आईच्या हाती कुणी देत नाही. आईनं लेकीचा हात धरून बसायचं, आणि खुशाल रडायचं.