चोरओटी परत करणाऱ्या सुनेची कहाणी

ऐक, जिवतीमाये, तुझ्या शुक्रवारची ही कहाणी. ऐका, बायांनो. अक्षता मुठीत ठेवा आणि गप्पा बाजूला ठेवा.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. त्या नगरात तांबटांची आळी होती. आळीत एक सुखवस्तू घर होतं. घरात सासू होती, मुलगा होता, सून होती. सासूचं नाव भागीरथी, मुलाचं नाव रंगनाथ, सुनेचं नाव वेणू. घरी खायला होतं, ल्यायला होतं, एकमेकांवर मायाही होती. नव्हतं ते एकच. पाळणा हलत नव्हता.

वेणू कशी होती? शेलाट्या बांध्याची होती. ना जाड, ना रोड. भरली घागर कडेवर घेऊन नदीचा चढ चढली तरी तिला धाप लागत नसे. तिला पाहून कोणी म्हणेना, की हिला काही दुखणं आहे. पण तिची पाळी महिन्याच्या महिन्याला येत नसे. कधी दोन महिने येईना, कधी तीन महिने येईना. आली की रुसून गेलेल्या पाहुणीसारखी अवचित दारात उभी राही. हनुवटीवर राठ केस उगवत, ते ती गुपचूप उपटी, आणि कोणाला सांगत नसे.

त्या घरची रीत जुनी होती. पाळी आली की बाईनं ओसरीलगतच्या खोलीत बाजूला बसावं. त्यामुळं काय होई? सून बाजूला बसली की आळीला कळे, आणि नाही बसली की तेही कळे.

मग एकदा काय झालं? दोन महिने उलटले, वेणू बाजूला बसली नाही. सासूला हर्ष झाला. वेणू म्हणाली, "सासूबाई, माझं नेहमीच मागंपुढं होतं. ती तपासायची पट्टी मिळते, ती आणून बघू का?" सासू म्हणाली, "पट्टी मला काय शिकवणार गं? अर्ध्या आळीची बाळंतपणं काढलीत मी." तिसरा महिना लागला. सासूनं सुनेची चोरओटी भरली. हिरवा खण घातला, तांदूळ घातले, नारळ घातला. चोरओटी ती चोरून भरायची, पण सासूच्या पोटात आनंद मावेना. दिवेलागणीच्या आत घरोघरी पेढे गेले. मग चार दिवस लोटले, आणि वेणू बाजूला बसली. सासू उठली. देवापुढं जाऊन बसली.

दुसऱ्या खेपेला तसंच झालं. सासूनं हर्ष केला, ओटी भरली, पेढे वाटले. मग चार दिवस लोटले, आणि वेणू बाजूला बसली.

शेजारी तानूबाई राहत होती. जिभेची तिखट, मनाची बरी. ती येऊन म्हणाली, "काय गं भागीरथी, एकदा पोळ्याला पेढे झाले, एकदा संक्रांतीला झाले. आळीची सणासुदीची सोय केलीस हो." सासू म्हणाली, "हस बाई, हस. पण या पोरीचं काही तरी बिघडलेलं आहे." तानूबाई म्हणाली, "हिचं? पाळीचं दुखणं माझ्या नणंदेला आहे, पण ती दारात मावत नाही. तुझी सून तर सुईच्या नेढ्यातून जाईल. हिला कसलं दुखणं? हिला चिंता आहे, चिंता."

मग सासूनं वैद्याला बोलावलं. वैद्यानं नाडी धरली, पण पाहिली तिची बारीक कंबर. म्हणाला, "प्रकृती उत्तम आहे. चिंता करू नये, प्राप्ती होईल." मग वेणूनं आपले आपण उपास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, एकादशी तर होतीच. अंगावरचं मांस झडलं. पाळी अधिकच लांबली.

लांबली, म्हणजे काय झालं? सासूला तिसऱ्यांदा हर्ष झाला. तिसऱ्यांदा ओटी भरली गेली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वेणूच्या पोटात कळ आली. तिनं ओळखलं. उठून बाजूला बसायला निघाली, तो पडवीत सासू दिसली. सासू जुन्या लुगड्याचा मऊ काठ उसवत होती आणि बाळाची कुंची बेतत होती. तोंडानं ओवी म्हणत होती. वेणूचा पाय पुढं पडेना. ती मागं फिरली, स्वयंपाकघरात गेली, चुलीपाशी बसली. त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तर बोलायचं राहूनच गेलं.

मग खोट्याला पाय फुटले. सासू विचारी, "सूनबाई, काय खावंसं वाटतं?" काही तरी सांगायला हवं, म्हणून वेणू म्हणे, "चिंच." चिंच तिला मुळीच आवडत नसे. सासू चिंचेचा गोळा आणून हातावर ठेवी आणि समोर बसून कौतुकानं बघे. वेणूचे दात आंबले, डोळ्यांना पाणी आलं. सासू म्हणाली, "बघा, डोहाळे कसे खरे लागलेत!"

असं होता होता श्रावण आला. श्रावणातला शुक्रवार आला. भिंतीवर जिवतीचा कागद लावला, आघाड्याची माळ घातली, पुरण शिजलं. दरवर्षी सासू मिशीवाल्या रंगनाथाला पाटावर बसवून ओवाळी. यंदा म्हणाली, "यंदा पूजा सूनबाईनं करायची. पुढच्या वर्षी तिचं लेकरू पाटावर असेल. तानूबाई, तू सवाष्ण म्हणून जेवायला ये."

 वेणूच्या हातात नैवेद्याची दूधसाखरेची वाटी होती. पळून कुठं जाणार? ती त्या बाजूच्या खोलीत शिरली. तो काय आश्चर्य! त्या खोलीत घोंगडीवर एक म्हातारी बसलेली. केस पांढरे, कपाळ भरून कुंकू, अंगाखांद्यावर चार लेकरं खेळत होती.

वेणू म्हणाली, "आजी, उठा बरं. ही जागा विटाळाची आहे."

म्हातारी म्हणाली, "मी लेकरांची आई. माझी लेकरं ज्या वाटेनं जगात येतात, त्या वाटेचा मला विटाळ कसला? मी बसेन इथं. पण तुझी जागा रिकामी का गं? तू का नाही आलीस?"

वेणू रडली. घडलं ते तिनं सारं सांगितलं. म्हणाली, "माये, मी त्या दिवसांत देवघर शिवले, म्हणून तर तू कोपली नाहीस?"

म्हातारी म्हणाली, "वेडी का खुळी! कोपायला मला दुसरी कामं नाहीत? तू देव शिवलीस, त्यानं देवाचं काही झिजलं नाही. तू आपलं दुखणं चोरलंस, त्यानं तू झिजलीस. लपवलेल्या दुखण्याला औषध कोण देणार?"

"मग मी काय करू?"

"माझा वसा घे. आली तर आली म्हणावं, नाही आली तर नाही आली म्हणावं. आशा लागली म्हणून ओटी भरून घेऊ नये. भरलेली असेल ती परत करावी. जाणत्या बाईकडं जावं, ती सांगेल तसं वागावं. पोटाला उपाशी मारू नये. आणि माझ्याशी बोल: लपणार नाही, लाजणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

वेणू तसं बोलली. वाटी खाली ठेवून नमस्काराला वाकली, उठून पाहते तो घोंगडी रिकामी. दूधसाखरेची वाटीही रिकामी.

मग वेणू माजघरात आली. पेटीतून खण काढला, तांदळाची पुरचुंडी काढली, सासूच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "सासूबाई, ही तुमची ओटी. मला दिवस गेलेले नाहीत. ओटी भरलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी आली. मी सांगितलं नाही. तुमच्या हातात कुंची होती."

 जेवायला आलेली तानूबाईसुद्धा गप्प झाली, ते तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं.

सासूनं खणाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं.  मग म्हणाली, "आणि नारळ? नारळ कुठाय?"

"त्याच्या वड्या केल्यात ना तुम्ही."

"खाल्ल्यास?"

"खाल्ल्या."

"आणि चिंच? चिंच आवडते तुला?"

"नाही हो."

"अगं, मग सांगायचं नाही का? बरणी रिकामी केलीस माझी!" असं म्हणाली आणि सासूनं सुनेला पोटाशी धरलं. "पोरी, दर खेपेला तुझ्याआधी मीच गरोदर होते. तुला बोलायला जागा ठेवली कुठं मी? चल, ऊठ. नगरात त्या नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांच्याकडं जाऊ." वेणूनं तिला म्हातारीचं सांगितलं. सासूनं जाऊन ती घोंगडी डोळ्यांना लावली. म्हणाली, "जिवती जिथं बसली तिथं विटाळ कसला? आजपासून या घरात कोणी बाजूला बसायचं नाही."

मग काय केलं? सासू निघाली, सून निघाली, रंगनाथही भट्टी झाकून निघाला. डॉक्टरीणबाईंनी कंबर पाहिली नाही. आधी सगळं विचारलं, मग रक्त तपासलं, साखर तपासली, थायरॉईड तपासलं, मग सोनोग्राफीच्या पडद्यावर आतलं दाखवलं. म्हणाल्या, "ही मोत्यांची माळ दिसते?" वेणू म्हणाली, "दिसते. छान दिसते." बाई म्हणाल्या, "छान दिसते, तीच अडचण आहे. दर महिन्याला यांतलं एक बीज पिकून सुटायला हवं. तुमची पुष्कळ निघतात, आणि सगळी अर्ध्या वाटेत थांबतात. याला पीसीओएस म्हणतात."

सासू म्हणाली, "पण बाई, ते तर जाड बायकांचं दुखणं ना?"

बाई म्हणाल्या, "जाड बायकांत लोकांना ते सुचतं. सडपातळ बाईत सुचत नाही, म्हणून तिची वर्षं जातात. हिला वजन उतरवायचं नाही. उपास बंद. वेळच्या वेळी जेवायचं, डाळ-उसळ भरपूर, फिरायचं, पुरतं झोपायचं. बीज पिकायला मी गोळ्या देते, आणि पिकतं की नाही ते इथं पडद्यावर बघत राहू."

रंगनाथ पडद्याजवळ सरकला. तो म्हणाला, "समजलं. तांबं चोख आहे, भाता वेळेवर चालत नाही. तांब्याला बोल लावायचा नाही." मग म्हणाला, "माझंही तपासा. भांडं दोघांचं आहे." त्याचंही तपासलं. त्याचं ठीक निघालं.

पहिल्या महिन्यात गोळ्या घेतल्या. पाळी आली. सासूनं विचारलं, "आली?" वेणू म्हणाली, "आली." सासू म्हणाली, "बरं, ये आत, चहा घे." दुसऱ्या महिन्यात गोळ्या वाढवल्या. सासूनं विचारलं, "आली?" वेणू म्हणाली, "आली." डोळ्यांत पाणी होतं, पण लपवलं नाही. दोघी एका ठायी रडल्या, मग एका ठायी जेवल्या. तिसऱ्या महिन्यात पडद्यावर एक मोती बाकीच्यांहून मोठा झाला, पिकला, सुटला. पाळीचा दिवस आला, गेला. सासूनं विचारलं नाही. ओठ मिटून दळण निवडत बसली. वेणू आपण होऊन जवळ आली. म्हणाली, "आली नाही. पट्टी आणून पाहिली. दोन रेघा आल्या." सासू म्हणाली, "मी काही ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंना बोलू दे."

मग पुढं एक दिवस डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवले. सासूनं डोळे मिटून ऐकले. रंगनाथानं पागोट्याच्या शेवानं नाक पुसलं. परत येताना तानूबाई दारातच उभी. म्हणाली, "कुठं गेला होता गं सगळी मिळून? काय म्हणाल्या बाई?"

भागीरथीच्या तोंडाशी आलं होतं. आनंद मावत नव्हता, पोट फुगून आलं होतं. पण ती सुनेकडं पाहून उभी राहिली. म्हणाली, "आमच्या वेणूला विचार. तिचं आहे. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल."

वेणू हसली. म्हणाली, "तानूबाई, आत या. बसा. मी सांगते."

तेव्हा, जिवतीमाये, तू वेणूला फळलीस तशी आम्हांला फळ. जिच्या पदरी लेकरू येईल तिच्या येवो. जिला उशीर लागेल तिला धीर आणि चांगलं औषध मिळो. जिला मिळणार नाही तिचा घरात मान राहो. आणि कोण्या सुनेला सासूच्या हर्षापायी नावडती चिंच खावी न लागो. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलांत सांगितली. सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, इथं संपूर्ण होवो.