माडीवरचा फौजदार

ऐक, पण यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव.

आमच्या फौजदार भोईट्यानं गजरेवाल्या धोंडूचा हात ठाण्यात मोडला. वर म्हणतो, तोच पडला. गावाची दक्षता समिती बसली, तिच्यात मी पण होते. आम्ही पोलिसांच्या मोठ्या साहेबाला म्हटलं, ह्याच्यावरच्या जुन्या तक्रारी दाखवा, त्याबिगर धोंडूचं खरं कोण मानणार?

साहेब म्हणाले, "आजी, पोलिसाची फाईल गोपनीय असते."

"बरं. मग मला बेड्या घाला."

"का हो?"

"तुमचाच हुकूम हाय ना, पोलिसांकडून भाडेकरूची चौकशी करून घेतल्याबिगर खोली दिली तर मालकावर गुन्हा? त्यापायी परवा वाण्याला दिवसभर ठाण्यात बसवलंत. हा भोईटे माझ्याच माडीवर राहतो, आणि मी काही चौकशी केली नाही. आता ह्यानं आधी कुणाला मारलंय का ते सांगा, नाहीतर मला आत टाका."

सगळी समिती हसायला लागली. साहेबानं गुमान फाईल मागवली. तिच्यात निघालं, ह्याच्या आधीच्या गावातही एकाचा हात मोडला होता, आणि तोही म्हणे पडूनच. भोईटे निलंबित झाला, धोंडूची तक्रार लिहून घेतली.

माडी आता रिकामी हाय. तुला पाहिजे? मग तुझी पण चौकशी करीन. नको? मग नीघ आता.