पागोट्यातला पेंढा

फार फार जुनी गोष्ट, तुमच्या पणजीला दात यायचे होते तेव्हाची. रानाच्या कडेला एका गावात शाळा होती. खोली एक, दार एक, पंतोजी एक. पोरं मात्र ढीगभर.

पंतोजींना लांबचं धड दिसत नसे. म्हणून डोक्यांवरून छडी फिरवून ते पोरांची उंची बघत. बुटका बसे पुढे, छडीखाली. उंच बसे मागे, दाराशी.

सगळ्यात पुढे गोंद्या. एवढासा! पोरं त्याला 'चिंगळी' म्हणत. चूक कुणाचीही असो, पहिला फटका गोंद्याला, कारण छडी तिथवरच पोचे. हसू नका रे, तुम्हीही कधीतरी पुढे बसला असाल.

एके दिवशी गोंद्यानं पागोट्यात पेंढा कोंबला. इतका कोंबला की पागोटं घागरीएवढं झालं. पंतोजींनी छडी फिरवली नि म्हणाले, "अरे वा, वाढलास की! जा, दाराशी बस."

दाराशी येसू बसायचा, ताडमाड. तो दात काढत उठला. "बसा, गोंदोपंत. आता कडी तुमची."

"कसली कडी?"

येसूनं वर बोट केलं. दाराला एकच कडी, ती पार चौकटीच्या माथ्याला. "बिबट्या आला की दार लोटायचं नि ती घालायची. मी सुटलो बाबा!"

परवाच बिबट्यानं पाटलाचं वासरू ओढून नेलं होतं.

तेव्हापासून पोराचं पाढ्यांत लक्ष लागेना. पान वाजलं की दचके. वानर खेकसलं की अंग गार. कुणी नसताना त्यानं उड्या मारून पाहिल्या, पण बोटं नि कडी यांत हातभर अंतर राही. सांगावं, तर पेंढा बाहेर येणार, पोरं जन्मभर हसणार. जीव गेला तरी चालेल, पण हसं नको, असं त्याला वाटे. लहानपणी वाटतं तसं. मोठ्यांनाही वाटतं, पण ते जाऊ द्या.

आणि एका दुपारी वानरं एकदम ओरडली. अंगणात पिवळं काहीतरी सरपटलं.

"कडी!" पंतोजी किंचाळले.

गोंद्यानं दार लोटलं, उडी मारली. हात पोचेना. पुन्हा मारली. पागोटं सुटलं, पेंढा भुईभर झाला. बाहेरून गुरगुर आली नि दार आत सरकू लागलं. पंतोजींनी दाराला पाठ लावली, तर फटीतून पंजा आला नि त्यांच्या धोतराचा काष्टा टरकन फाडून गेला.

"मी बुटका आहे!" गोंद्या रडत ओरडला. "माझा हात पोचत नाही! येशा, धाव!"

येसू धावला. त्यानं कडी घातली. बाहेर नखं दारावर करकरत राहिली. मग थांबली.



"येशा, तुला पेंढा ठाऊक होता?" पंतोजींनी उरलेलं धोतर सावरत विचारलं.

"होता. गंमत वाटली, पंतोजी."

"आणि तू रे? आधी का नाही बोललास?"

"हसतील म्हणून."

"बघ बरं, हसतंय का कुणी?"

कुणीच हसत नव्हतं. पोरं एकमेकांना घट्ट धरून बसली होती.

छडी दोघांनाही मिळाली, येसूला जरा जास्तच. नि गोंद्या आपणहून पुढे जाऊन बसला.

तात्पर्य: आपलं उणं वेळेवर सांगावं, झाकून ठेवलं तर ते आपल्याबरोबर चारचौघांचाही घास घेतं.