नावाड्याच्या पोरीच्या पाच ओळी

"फाइल आधी उघडायची, डोळ्यांखालून घालायची, मगच तीत लिहायचं. का, ते विचारायचं नाही!" सोनतीर संस्थानाच्या दफ्तरात कामाला लागलेल्या तारूला कारकुनांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

संस्थानात दोनशे घाट. प्रत्येक घाटाची संगणकात एक फाइल, तीत घाटावरच्या मापक यंत्रानं तारेवरून कळवलेली नदीची पातळी. ती वाचूनच नावाडी नाव सोडत. पण सात म्हातारे कारकून एकेक फाइल उघडत, चष्मा पुसत, आकडा लिहीत. शेवटच्या फाइलीपर्यंत पोचेतो पहिलीतलं पाणी शिळं! असाच शिळा आकडा वाचून तारूच्या बापानं नाव सोडली आणि ती खडकावर फुटली.

"चूक नावाड्याची!" चिटणीस दाजीसाहेब कडाडले. "घाट काढून घ्या याचा, महाराज!"

"चूक तुमच्या कासवांची!" तारू म्हणाली.

राजे हट्टी. "असं? मग दुपारच्या बारा टोल्यांत दोनशे फाइलींत ताजी पातळी घाल. नाहीतर बापाचा घाट गेला!"

कारकून खिदळले. "बोटं किती गं तुला?"

"तुमच्याइतकीच, आजोबा. पण मी ती दुखवणार नाही."

दफ्तराच्या संगणकात एक जुना लाइन एडिटर होता, म्हणजे ओळीओळीनं फाइल बदलणारा प्रोग्राम. त्याला फाइल पडद्यावर उघडून दाखवावी लागत नसे. लिहून दिलेल्या ओळी तो मुकाट पाळी. तारूनं पाच ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, लिहिली: 'पाणी' ही ओळ शोध. तिच्या खालची ओळ पूस. घाटाच्या मापकाला विचारून येईल ते उत्तर तिथे घाल. जतन कर. बाहेर पड. आणि ती दोनशे फाइलींवर फिरवायला सांगितली.

ठण्! तारूनं बटण दाबलं. चौथ्या टोल्याला ती भाकरी सोडून बसलीसुद्धा!

राजांनी लांबच्या घाटावर फोन लावला. "किती पाणी?"

"अकरा हात, सरकार!"

फाइलीत अकरा हात!

"आकडे आधीच ठाऊक असणार हिला!" दाजीसाहेब ओरडले. "तासाभरानं हेही शिळे होतील!"

"मग तासाभरानं पुन्हा बटण दाबा! मी आकडा लिहिलाच नाही, दाजीसाहेब. आकडा विचारायचा हुकूम लिहिलाय. हुकूम शिळा होत नाही!"

राजे इतके हसले की मंदील घसरला. "घाट बापाचाच! वर त्याला नवी नाव, आणि पोरीला दफ्तराच्या किल्ल्या! फक्त या म्हाताऱ्यांचा तो नियम तेवढा पाळ गं."

"नाही पाळणार, महाराज! मी फाइल न्याहाळत बसले, तर नदी थांबेल का? विचारा यांना."

राजांनी सातही चष्म्यांकडे पाहिलं. सातही जण ते काढून पुसू लागले.