मानाईचं गिऱ्हाईक

"मग काय तांडेलबाबा, चपला घालून होडीत चढणाऱ्याच्या हातात मानाई देऊन टाकू?"

हरेश्वर नाखवा तडकून बोलला. मानाई म्हणजे त्याची मासेमारीची होडी. बावीस वर्षं तिच्या जिवावर त्यानं दर्या पिंजून काढला. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि होडी विकायला काढावी लागली. त्यालाही आता दोन वर्षं होत आली.

ज्याला विचारलं तो जोमा तांडेल होडीच्याच सावलीत वाळूवर बसून जाळं सांधत होता. ऐंशीच्या पुढचा म्हातारा. हरेश्वरला सुकाणू धरायला त्यानंच शिकवलं. त्याचा शब्द हरेश्वरनं आजवर खाली पडू दिला नव्हता.

जोमानं जाळ्याची पुढची गाठ मारली.

पंधरा पावलांवर सुदाम उभा होता, चपला हातात घेऊन. बारा वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून राबलेला, आता स्वतःची पहिली होडी घ्यायला आलेला. बिचारा आनंदाच्या भरात शिडी चढला आणि पायातलं काढायचं विसरला. झालं. नाखव्यानं त्याला तिथल्या तिथं खाली उतरवलं.

हा चौथा. पहिल्यानं इंजिन आधी पाहिलं आणि होडीचं नाव मागाहून विचारलं, म्हणून तो बाद. दुसऱ्याला नाव बदलायचं होतं. तिसऱ्यात काय खोट होती ते हरेश्वरलाही धड सांगता येत नव्हतं. मनात बसला नाही, एवढंच. किमतीवरून कुणाशी बिनसलं नव्हतं. नाखवा होडी विकतोय की लेकीला स्थळ बघतोय, असं बंदरावर लोक हसायचे.

पण हरेश्वरचं ठरलं होतं. येत्या पुनवेच्या उधाणाला मानाई पाण्यात जाणार म्हणजे जाणार. आपल्या हातून नाही तर दुसऱ्याच्या. दोन वर्षं ती वाळूवर कोरडी पडलीय, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. फक्त हात चांगला हवा.

आपण होडी कशी राखलीय ते तो जोमाला सांगत सुटला. रोज झावळ्यांचे झाप काढून तिला वारा देतो. आठवड्याला तेल लावतो. एक खिळा गंजू दिला नाही.

"उन्हानं फळ्या आखडल्या, बाबा. फटी पडल्या. एकेक फट शोधून मी कापूस ठासला, वर राळ भरली. आता नखसुद्धा शिरणार नाही. असं राखणारा कोण आहे, दाखवा."

जोमाचे हात थांबले.

"किती ठासलास?"

"मावेल तेवढा. हातोडीनं."

जोमा उठला. होडीच्या पोटाशी जाऊन त्यानं एक सांधा चाचपला. मग कंबरेची सुरी काढली आणि सरळ राळेत खुपसली.

दुसरा कुणी असता तर हरेश्वरनं त्याचा हात मुरगळला असता. पण तांडेलबाबापुढं काय करणार? तो नुसता उभा राहिला.

राळेचे तुकडे उडाले. जोमानं कापसाचं टोक चिमटीत धरून ओढलं. वीतभर, हातभर, दोन हात... पीळ वाळूवर पडत गेला आणि त्यामागची फट उघडी पडली.

"हे काय केलंत बाबा? पाणी शिरेल."

"शिरू दे."

"बुडेल ती."

"बुडू दे."

लांबून सुदाम दबकत बोलला. त्याच्या गावाकडे कोरडी पडलेली होडी इंजिन उतरवून आठ दिवस खाडीत बुडवूनच ठेवतात. फळ्या पाणी पितात, फुगतात, फटी आपोआप मिटतात. पण आधीच गच्च कापूस भरला असला तर फळीला फुगायला जागा उरत नाही. ती शेजारच्या फळीला ढकलते आणि खिळे उपटून निघतात.

हरेश्वरला हे ठाऊक नव्हतं थोडंच. विशीत असताना जोमानंच त्याला ते शिकवलं होतं. पण ही दोन वर्षं फट दिसली की त्याच्यानं राहवायचंच नाही. आपल्याच हातानं आपण मानाईला मारत होतो, हे कळलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो वाळूवर टेकला.

मग त्यानं जोमाच्या हातातून सुरी घेतली आणि दुसऱ्या सांध्याला लागला. गुडघे कुरकुरत होते. त्यानं लक्ष दिलं नाही. सुदामनं चपला खाली ठेवल्या आणि पलीकडच्या अंगानं सुरुवात केली. दुपार कलेपर्यंत दोघं सांधे उकरत राहिले. वाळूवर कापसाचा ढीग पडला.

घाम पुसत हरेश्वर जोमापाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "होडी यालाच देतो. पण बाबा, माणूस धांदरट आहे. उद्या काय विसरेल, नेम नाही. देण्याआधी देवळात नेऊन चार अटी घालतो. शपथच घेतो त्याच्याकडून. म्हणजे कुठं काही उणं राहायला नको."

जोमानं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"फट राहू दे, हरेश्वर. पुढचं पाणी बघेल."