आंबीबायची हजेरी

घाटाला रस्ता नव्हता, साखरकोंडला बैलगाडीसुद्धा कशीबशी पोचायची, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. गावाच्या वर, माळावर कातकऱ्यांची वाडी होती. दिवाळी सरली की वाडीतली माणसं झोपड्यांची दारं काट्यांनी बंद करायची आणि भट्टीत लाकडं जाळून कोळसा पाडायला दूरच्या जंगलात जायची. पाऊस तोंडावर आला की परतायची. पोरंही आईबापांबरोबर जायची.

गावात शाळा होती. पण महिनाभर पोर आलं नाही, की मास्तर पटावरून त्याचं नाव कमी करायचे. परत आल्यावर पोर ऐकायचं, "तुझं नाव इथं नाही."

वाडीतल्या आंबीबायच्या पोरीनं, गोमीनं, हे तीन वर्षं ऐकलं. चौथ्या वर्षी ती शाळेकडे वळलीच नाही. भट्टीवरच मोठी झाली, तिथंच तिचं लग्न लागलं, आणि तिथून ती कुठल्या मुलखात गेली, कुणाला कळलं नाही. आंबीबाय म्हणायची, "दोन अक्षरं आली असती, तर पोरीची चिठ्ठी तरी आली असती."

पुढं एकदा भट्टीवर ओंडका पडून आंबीबायचा पाय मोडला. त्या दिवाळीनंतर वाडी निघाली, आणि ती एकटी मागं राहिली. दुसऱ्या दिवशी काठी टेकत ती शाळेत आली आणि मागच्या ओळीत बसली.

मास्तरांनी पट उघडला. "वाळक्या काशा!"

"हाय," आंबीबाय म्हणाली.

"अगं, तू वाळक्या आहेस का?"

"वाळक्या कामाला गेलाय, मास्तर. त्याची जागा धरून बसलेय."

"दुसऱ्याची हजेरी देता येत नाही. ऊठ."

ती उठली आणि बाहेर खिडकीखाली जाऊन बसली. मास्तरांनी वाडीतल्या पोरांची सतरा नावं घेतली. सतरा वेळा खिडकीतून "हाय" आलं. मग रोज हेच झालं, आणि महिना उलटला तरी मास्तरांना एकही नाव कमी करता आलं नाही. एकदा मास्तरांनी वाळक्याचं नाव सुधारून 'वाल्मीक' म्हणून पाहिलं. खिडकी गप्प. पुन्हा तेच नाव, पुन्हा गप्प. शेवटी "वाळक्या" म्हटलं, तेव्हा कुठं उत्तर आलं.

असं म्हणतात, की प्रत्येक "हाय" त्या त्या पोराच्या आवाजात उमटायचं. आणि कोसभर नव्हे, चार दिवसांच्या वाटेवर, धुरात लाकडं रचणारं ते पोर मान वर करून आईला विचारायचं, "मला कुणी हाक मारली?"

माघात तपासणीचे साहेब आले. त्यांनी हजेरी घेतली. आवाज सगळ्यांचे आले, पण निम्मा वर्ग रिकामा.

"मुलं कुठं आहेत?"

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कामाला गेलीत, साहेब. येतील. मी नावं कमी करणार नाही."

पोरं आली, तेव्हा सतराच्या सतरा नावं जागेवर होती. खिडकीखाली बसून ऐकलेलं, शिकलेलं सगळं आंबीबायनं त्यांना आपल्या बोलीत शिकवलं, खडकावर कोळशानं लिहून. पाऊस पडायचा, पण ती अक्षरं धुऊन जायची नाहीत, असं म्हणतात.

अशी अकरा वर्षं गेली. रोज हजेरी संपली, की ती घाटाकडे तोंड करून आणखी एक नाव घ्यायची, पटावर नसलेलं. "गोमी!" आणि थांबायची. उत्तर यायचं नाही.

बाराव्या वर्षी वाडी परतली, तेव्हा आंबीबाय नव्हती. काठी खिडकीपाशी पडलेली. असं म्हणतात, की एका सकाळी घाटापलीकडून "हाय" आलं, आणि ती काठी न घेता, सरळ पावलांनी, त्या दिशेनं चालत गेली.

आता वाडीची माणसं कोळशाला जात नाहीत, विटांच्या भट्ट्यांवर जातात. पण पाऊस तोंडावर आला की साखरकोंडचे गुरुजी अजूनही पट घेऊन माळावर जातात आणि परतलेल्या पोरांची नावं एकेक करून, आईबापांनी ठेवलेली तशीच, वाचतात. त्याला आंबीबायची हजेरी म्हणतात. एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, तर सगळा माळ थोडा वेळ गप्प उभा राहतो. ते नाव कुणी खोडत नाही. त्याच्यापुढची जागा कोरी ठेवतात.